कुकर काळा पडत असेल, तर लेबल हिरवं करून काय होणार?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी धायरीत राहते. एका कंपनीत अकाउंट्स बघत होते. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली आणि नणंदेबरोबर भांडी घासायची पावडर करायला घेतली. रिठा, शिकेकाई, धुण्याचा सोडा आणि सायट्रिक अ‍ॅसिड, एवढंच त्यात असतं. खाकी कागदाच्या झिपवाल्या पाऊचमध्ये भरून देतो. लेबलवर हिरवं पान आहे आणि 'शंभर टक्के इको-फ्रेंडली', 'केमिकल-फ्री', 'नदी वाचवा' असं छापलंय. चारशे ग्रॅमचे २४० रुपये घेतो. प्रत्येक ऑर्डरबरोबर एक सुती पिशवी फुकट देतो.

प्रदर्शनात स्टॉल लावला की लोक खूप कौतुक करतात, एखादा पाऊच घेतात, पण परत मागवणारे अगदी थोडे. काही जणींनी सांगितलं, कामवाल्या मावशींना पावडर आवडत नाही, फेस येत नाही म्हणतात, शिवाय कुकर काळा पडतो. पावसाळ्यात बरेच पाऊच फुगले. सध्या तीनशे पाऊच घरात पडून आहेत. दीर म्हणतात, लेबल आणखी ठसठशीत करा, एखाद्या इन्फ्लुएन्सरला पैसे द्या. नवऱ्याचं म्हणणं, पुण्यात लोकांना पर्यावरण गप्पांपुरतंच हवं असतं. लोकांना पटवायचं कसं? मार्केटिंगमध्ये आम्ही कुठे कमी पडतोय?

— एक वाचक, धायरी

उत्तर

नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत: मावशी म्हणतात, कुकर काळा पडतो. दिरांच्या सल्ल्याआधी आणि इन्फ्लुएन्सरच्या पैशांआधी त्या एका तक्रारीपाशी थांबू या, कारण तुमचं मार्केटिंग तिथेच अडलंय.

आधी नवऱ्याच्या मताबद्दल. मला ते पटत नाही. याच शहरात हजारो घरं रोज ओला आणि सुका कचरा वेगळा करून देतात, मंडईत जाताना पिशवी घेऊन निघतात, गणपतीनंतर निर्माल्य वेगळं देतात. तुमच्या स्टॉलवर थांबलेल्या बायकांनीही २४० रुपये मोजून पाऊच नेला, तो तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून. दुसऱ्यांदा नेला नाही, कारण घरी भांडी नीट निघाली नाहीत. त्यांना पर्यावरणाची पर्वा नाही असा अर्थ यातून काढणं मला अन्यायाचं वाटतं. पर्यावरण सांभाळायची जबाबदारी वस्तू करणाऱ्याची आहे आणि ती वस्तू करतानाच पार पाडायची असते. ग्राहकाने फक्त भांडी घासावीत, ती स्वच्छ निघावीत आणि त्यातून आपोआप कमी नुकसान व्हावं. 'भांडी थोडी कमी निघतात, पण नदीसाठी सांभाळून घ्या' असं आपण ग्राहकाला सांगायला लागलो, की एकच विक्री होते, तीही कौतुकापोटी.

आता कुकर. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. तो अल्कली आहे आणि अ‍ॅल्युमिनियमला अल्कली चालत नाही, पृष्ठभाग काळवंडतो. आपल्याकडे कुकर, कढई, दूध तापवायचं पातेलं यांतलं बरंच काही अजून अ‍ॅल्युमिनियमचं किंवा हिंदालियमचं असतं. मावशींचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे. रोज चार-पाच घरांची भांडी घासणाऱ्या बाईइतकी या विषयातली तज्ज्ञ तुम्हाला दुसरी मिळणार नाही.

दुसरी अडचण तुमच्या कृतीतच आहे. तुम्ही एकाच पावडरीत सोडाही घातलाय आणि सायट्रिक अ‍ॅसिडही. कोरडे असेपर्यंत दोघं शेजारी शेजारी राहतात. ओलावा लागला की एकमेकांना मारून टाकतात आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. पावसाळ्यात पाऊच फुगले ते याच वायूमुळे. मोरीत पाणी पडल्यावरही हेच होतं. सोड्याचा आणि अ‍ॅसिडचा बराचसा जोर तेलकट पातेल्यापर्यंत पोचायच्या आधीच आपापसात संपतो. मागे जे सायट्रेट उरतं ते जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात थोडंफार उपयोगी पडतं, पण तेवढ्यासाठी दोन्ही घटकांचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे दोन्ही वेगळं करा. रिठा, शिकेकाई आणि बेताचा सोडा अशी एक पावडर करा, ती स्टील, काच आणि चिनी मातीच्या भांड्यांसाठी. पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा: 'अ‍ॅल्युमिनियम, हिंदालियमच्या भांड्यांना वापरू नका.' अशी सूचना लिहिली तर विक्री पडेल अशी भीती वाटेल. माझा अंदाज उलटा आहे. ज्या घरात एकदा कुकर काळा पडला तिथे तुमचं दार कायमचं बंद होतं, आणि ही ओळ ते दार उघडं ठेवते. सोडा किती घालायचा हे अंदाजाने ठरवू नका. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा किती अल्कली आहे ते मोजायच्या पट्ट्या स्वस्त मिळतात. एक चमचा पावडर वाटीभर पाण्यात कालवून दर खेपेला मोजा आणि वहीत लिहा. सायट्रिक अ‍ॅसिड हवंच असेल तर त्याची सोडा नसलेली वेगळी पुडी करा, तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी. देवघर असलेल्या प्रत्येक घरात तिला काम आहे. पण ते नंतर. आधी एक पावडर जमवा.

फेसाबद्दल. रिठ्यातलं सॅपोनिन फेस करतं, फक्त त्याला पाण्यात उतरायला वेळ लागतो आणि मावशींकडे वेळ नसतो. एका घरात त्या मोजून अर्धा-पाऊण तास असतात. कोरडी पावडर घासणीवर घेतली तर फेस येत नाही, रिठ्याचे कण भांड्याला चिकटतात, मग ते काढायला नळ सोडला जातो. इथे तुमच्या सगळ्या पर्यावरणाचं नुकसान होतं. भांडी घासायच्या वस्तूचा मोठा भार बऱ्याचदा तिच्या घटकांत नसून ती वापरताना सांडणाऱ्या पाण्यात असतो. तुमची पावडर कितीही वनस्पतीजन्य असली तरी तिच्यामुळे रोज अर्धी बादली जास्त पाणी लागत असेल, तर नेहमीची वडी बरी.

हे तुम्ही घरीच तपासू शकता आणि तपासायलाच हवं. नळ बंद ठेवा, बादली आणि पाणी मोजायला एक मग घ्या. तेवढीच आणि तशीच खरकटी भांडी दोन दिवस वडीने घासा, दोन दिवस तुमच्या पावडरीने. किती मग पाणी लागलं ते लिहा. धायरीत नळाचं पाणी येत असेल तर एकदा टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावरही करून बघा, कारण उंड्री, वाघोली, बाणेरच्या कितीतरी सोसायट्या त्याच पाण्यावर आहेत आणि त्या पाण्यात क्षार जास्त असतात. साध्या साबणाचा जड पाण्यात साका होतो. सॅपोनिनवर क्षारांचा तेवढा परिणाम होत नाही. म्हणजे तुमच्या पावडरीचं खरं बळ कदाचित या जड पाण्याच्या सोसायट्यांमध्येच असेल आणि तुम्ही ते आजवर कुणाला सांगितलेलंच नाही. तपासून खरं निघालं तर ही एक गोष्ट तुमच्या हिरव्या पानापेक्षा जास्त विकेल.

फेसावर उपाय सोपा आहे. पावडर बारीक चाळणीतून काढा. वापरायची रीत बदला: मावशी यायच्या आधी घरातल्या कुणीतरी एक चमचा पावडर वाटीत घेऊन त्यावर कोमट पाणी ओतून ठेवायचं. मावशी आल्या की तयार पाणी मिळतं, घासणी त्यात बुडवायची आणि सुरू करायचं. हा निरोप पाकिटावर चित्रात द्या. वाटी, चमचा, पाणी, एवढी तीन चित्रं पुरेत. लांबलचक मजकूर तिथे कुणी वाचत नाही, आणि ज्यांनी वाचायचा त्या मावशी तर पाकीट बघतही नाहीत.

तुमची पावडर विकत घेणारी वेगळी आणि वापरणारी वेगळी आहे, हे लक्षात आल्यावर मार्केटिंगचा सगळा आराखडा बदलतो. इन्फ्लुएन्सरला द्यायचे पैसे मावशींना द्या. मी हे अगदी गंभीरपणे सांगतेय. ओळखीच्या दहा घरांतल्या मावशींना महिनाभरासाठी मानधन ठरवून द्या, त्यांच्या स्वतःच्या घरीही पावडर द्या आणि दर आठवड्याला तासभर त्यांच्याबरोबर बसा. हाताची आग होते का, बोटं चिरतात का, तळणीची कढई निघते का, चहाच्या गाळणीचे डाग जातात का, मोरीच्या जाळीत रिठ्याचा चोथा अडकतो का, हे विचारा. त्या 'नको' म्हणाल्या तर पावडर बदला. सोड्याने हात कोरडे पडतात आणि त्यांचे हात दिवसभर पाण्यात असतात. ज्या वस्तूने नदीला आराम पण कामवाल्या बाईच्या हाताला भेगा, ती वस्तू मी पर्यावरणाची मित्र मानणार नाही. माणूस पर्यावरणाच्या बाहेर राहत नाही. आणि त्यांना पावडर आवडली, तर सोसायटीतल्या बाकीच्या घरांत त्याच सांगतील. त्यांच्या शब्दाला जी किंमत आहे ती कुठल्याही रीलला नाही.

आता पाऊचकडे वळू. तुमचा एक रिकामा पाऊच घ्या आणि फाडून बघा. वरचा खाकी कागद फाटेल आणि आत ताणला जाणारा प्लास्टिकचा पापुद्रा दिसेल, कदाचित चंदेरी. बाजारात मिळणारे बहुतेक झिपवाले खाकी पाऊच असेच असतात. ते दिसायला कागद, पण कागदाच्या गिरणीला चालत नाहीत आणि प्लास्टिकवाल्यालाही चालत नाहीत, कारण थर सुटे करता येत नाहीत. पुण्यात याचा निवाडा करणारी माणसं रोज आपल्या दारात येतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांसाठी काम करतेय आणि त्यातूनच २००७ मध्ये 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. तुमच्या भागात येणाऱ्या ताईंना तो पाऊच दाखवा आणि विचारा: हा विकला जातो का, किलोला काय मिळतं? ज्याला भंगारात भाव नाही, ते त्यांच्यासाठी नुसतं ओझं. वस्तूचं डिझाइन करायला बसण्याआधी हा प्रश्न विचारायचा असतो. बहुतेक जण तो विचारतच नाहीत, त्यांच्या सगळ्या चर्चा फॉन्ट आणि रंगांवर संपतात.

तुमच्या बाबतीत मात्र एक चांगली गोष्ट आहे. सायट्रिक अ‍ॅसिड काढलं की पाऊच फुगायचा प्रश्न संपतो आणि हवाबंद चंदेरी अस्तराची गरजही बरीच कमी होते. कृती सुधारली की पॅकिंग आपोआप साधं होतं. रिठा ओलावा धरतो, गोळे होतात, हे खरं. त्यासाठी घट्ट झाकणाची बरणी हवी, आणि ती प्रत्येक घरात आहे. पुण्यात आजही लोक डबा घेऊन गिरणीत जातात, किटली घेऊन लाकडी घाण्याचं तेल आणतात. तुम्हाला 'रिफिल' नावाची नवी सवय लावायची गरज नाही, जुनी सवय आहे तिच्यात फक्त जागा शोधायची आहे. गिरणीत पावडर ठेवू नका, पिठाला वास लागेल आणि गिरणीवाला बरोबरच हाकलेल. घाण्याच्या तेलाचं दुकान, वाण्याचं दुकान किंवा महिन्यातल्या एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक टेबल, अशी सुरुवात करा. सुटं विकताना वजनकाट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का हवा. पाकीटबंद विकताना उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादनाचा महिना-वर्ष, ग्राहकाने संपर्क कुठे करायचा, हे सगळं लागतं. ते आधीपासून करत असाल असं धरते.

दूरच्या ग्राहकांसाठी साधं, अस्तर नसलेलं जाड कागदाचं पाकीट आणि त्यावर 'घरी आल्यावर बरणीत काढून ठेवा' एवढी सूचना. पावसाळ्यात ते टिकणार नाही, तेव्हा जाड प्लास्टिकची परत करायची बरणी द्या आणि तिची अनामत घ्या. प्लास्टिक म्हटल्यावर दचकू नका. वर्षानुवर्षं भरली जाणारी आणि शेवटी भंगारात विकली जाणारी बरणी, एकदा वापरून कायमचा कचरा होणाऱ्या कागदी पाऊचपेक्षा कितीतरी बरी. दिसायला ती गावरान वाटणार नाही. चालेल.

सुती पिशवी लगेच बंद करा. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने पिशव्यांचा सविस्तर अभ्यास करून २०११ मध्ये अहवाल काढला. त्यात असं दिसलं की साध्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा हवामानावरचा भार कमी व्हायचा असेल, तर सुती पिशवी किमान १३१ वेळा वापरली जायला हवी. कापूस पिकवणं, सूत, विणकाम, यांत एवढं पाणी आणि ऊर्जा जाते. ज्या घरात आधीच वीस पिशव्या दाराच्या खुंटीला लटकल्यात, तिथे एकविसावी १३१ वेळा कोण वापरणार? तुमच्या २४० रुपयांतले या पिशवीचे पैसे ग्राहकच देतोय. ते कमी करा.

हे सगळं वाचून वाटेल की चांगला माल वापरूनही माणूस गुन्हेगारच ठरतो. तसं नाही, फक्त माल चांगला असणं पुरेसं नसतं. पुण्यातलंच उदाहरण घ्या. प्लास्टर ऑफ पॅरिसऐवजी शाडूची मूर्ती हा पर्याय आपण सगळ्यांनी उचलून धरला आणि ते योग्यच होतं. पण शाडू पाण्यात विरघळत नाही. तो सुटा होतो आणि गाळ होऊन तळाशी बसतो. शिवाय ती खाणीतून काढलेली माती, बरीचशी गुजरातहून येते, संपणारी. मग पुण्यातल्या संस्थांनी 'पुनरावर्तन' ही मोहीम सुरू केली. घरी बादलीत विसर्जन करायचं, खाली बसलेला शाडू वाळवून संकलन केंद्रावर द्यायचा आणि तो पुन्हा मूर्तिकारांकडे पोचवायचा. संकलनात 'स्वच्छ'चे कचरावेचकही आहेत. माती तीच राहिली, तिचा परतीचा रस्ता तेवढा आखला गेला. तुमच्या बरणीलाही असाच रस्ता हवा, आणि पावडरीपेक्षा तो आखायला जास्त डोकं लागेल.

आता लेबल. 'केमिकल-फ्री' आजच्या आज काढा. सोडियम कार्बोनेट रसायन आहे, सॅपोनिन रसायन आहे, पाणीही रसायनच. हा दावा खोटा आहे आणि तुम्हाला तो खोटा वाटत नव्हता म्हणून तो खरा होत नाही. 'शंभर टक्के इको-फ्रेंडली'ही काढा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. इको-फ्रेंडली, ग्रीन, नॅचरल, सस्टेनेबल असे मोघम शब्द पुराव्याशिवाय आणि नेमक्या खुलाशाशिवाय वापरता येत नाहीत. 'कंपोस्ट होतं', 'रिसायकल होतं', 'अमुक विरहित' असं म्हणायचं तर प्रमाणपत्र, शास्त्रीय पुरावा किंवा त्रयस्थ पडताळणी लागते. नुसतं पानाचं चित्र काढणं गुन्हा नाही, पण चित्रानेही दिशाभूल होत असेल तर ते यात येतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. जाहिरात करणारा चेहराही यातून सुटत नाही, हे दिरांना सांगा.

पण दंडापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त टोचते. बाजारातल्या प्रत्येक हिरव्या पानाखाली असंच काहीबाही छापलेलं असतं, त्यामुळे खरंच मेहनत करणारा माणूस आणि नुसतं पान चिकटवणारा माणूस ग्राहकाला सारखेच दिसतात. मोघम शब्द वापरून तुम्ही स्वतःहून त्या गर्दीत उभ्या राहता.

'नदी वाचवा'बद्दलही बोलायला हवं, कारण त्यामागे तुमची तळमळ आहे हे कळतं. मुठेची ही अवस्था व्हायचं मोठं कारण म्हणजे प्रक्रिया न होता तिच्यात मिसळणारं सांडपाणी. एका घरातली पावडर बदलून ते थांबत नाही. आणि सॅपोनिन माशांना घातक असतं, त्यांच्या कल्ल्यांवर परिणाम होतो. सॅपोनिन असलेल्या वनस्पती वापरून मासे मारायची पद्धत जगात अनेक ठिकाणी होती. भांड्यांच्या पाण्यात ते बरंच पातळ होतं आणि पुढे त्याचं विघटनही होतं, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण निसर्गातून आलं म्हणजे निरुपद्रवी, असं मनात असेल तर ते काढून टाका. ही पावडर थेट ओढ्यात किंवा विहिरीवर वापरू नका, असं गावाकडच्या ग्राहकांना सांगायला हवं. रिठा डोळ्यांत गेला तर झोंबतो, तेही लिहा.

मग लेबलवर काय राहील? साधारण असं: रिठा, शिकेकाई, धुण्याचा सोडा. स्टील, काच, चिनी मातीसाठी. एका वेळेला एक चहाचा चमचा. अ‍ॅल्युमिनियमला नको. बरणी रिकामी झाली की अमुक दुकानात भरून मिळेल. पाण्याची चाचणी तुमच्या बाजूने निघाली तर तीही लिहा, पण कशी केली ते एका ओळीत सांगून. यातली प्रत्येक ओळ ग्राहक घरी तपासून बघू शकते. सरकारचं इकोमार्क हे मडक्याचं चिन्ह १९९१ पासून आहे, २०२४ मध्ये त्याचे नवे नियमही आले. साबण आणि डिटर्जंट त्यात पहिल्यापासून आहेत. पुढे व्यवसाय वाढला तर त्याचा विचार करा. तोवर इंटरनेटवर मिळणारी कुठलीही हिरवी मोहोर विकत घेऊन चिकटवू नका.

किमतीचं थोडक्यात. २४० रुपये ऐकून माणूस मनातल्या मनात वडीशी तुलना करतो आणि मागे फिरतो. तुमची पावडर एका वेळेला पाच ग्रॅम लागत असेल तर दोन वेळचे दहा ग्रॅम, म्हणजे पाऊच चाळीस दिवस पुरतो आणि रोजचे सहा रुपये पडतात. पिशवी आणि पाऊच वगळून रिफिलचा भाव काढा, तो याहून खाली येईल. तो रोजचा आकडा फलकावर लिहा. एखाद्या घरात खरंच जास्त लागत असेल तर तोही खरा सांगा. भीमथडीसारख्या जत्रांमध्ये स्टॉल जरूर लावा, पण तिथे नवीन लोक भेटतात, धंदा उभा राहत नाही. तुमचा धंदा धायरीतल्या आणि सिंहगड रस्त्यावरच्या तीन-चार सोसायट्यांत उभा राहील. तिथे दर महिन्याला तेच चेहरे बरणी घेऊन येतात की नाही, एवढाच हिशेब पहिलं वर्षभर ठेवा. आकडे सांभाळायची तुम्हाला सवय आहे, ती इथे उपयोगी पडेल.

राहता राहिले ते तीनशे पाऊच. फुगलेले भांड्यांसाठी विकू नका, त्यांची ताकद गेलेली आहे. ओटा, बेसिन, जिना धुवायला चालतील, तसं स्पष्ट सांगून ओळखीत देऊन टाका. जे कोरडे आणि मोकळे आहेत त्यांच्यातला एक फोडून आधी स्टीलच्या तेलकट ताटावर बघा. चालत असेल तर जुन्या दाव्यांवर नवं लेबल चिकटवा, अ‍ॅल्युमिनियमची सूचना ठळक करा, किंमत कमी करा आणि रिकामा पाऊच परत आणणाऱ्याला पुढच्या खरेदीत दहा रुपये सूट द्या. परत आलेले पाऊच साधे कागदाचे समजून रद्दीत घालू नका. मोजून ठेवा, सुक्या कचऱ्यात वेगळे बांधून द्या आणि ताईंना सांगा की यात अस्तर आहे. तोपर्यंत नवीन पाऊचची ऑर्डर देऊ नका, छापखान्यातून कितीही फोन आले तरी.